चार सेकंदांची पाचर

मानवजातीच्या इतिहासात तीनच दिवस खरे महत्त्वाचे. माणसाला विस्तव सापडला तो, पहिलं चाक फिरलं तो, आणि १४ जून २०४३. त्या दिवशी दुपारी सव्वातीन वाजता सोलापुरातल्या ‘सीना वार्ता’ या वृत्तवाहिनीच्या दारात, दुसऱ्याच्या मनातलं चित्र पडद्यावर दाखवणारं यंत्र येऊन उभं राहिलं. विस्तवाच्या आणि चाकाच्या वेळी काय अडचणी आल्या याची नोंद नाही. हे यंत्र मात्र लिफ्टमध्ये मावलं नाही. चौघांनी ते जिन्याने वर आणलं, त्यातल्या एकाची कंबर धरली, आणि वर आल्यावर कळलं की यंत्राची टोपी आमच्या संपादक मंगरुळे मॅडमच्या अंबाड्यावर बसत नाही. इतिहास तिथे दोन दिवस थांबला. पुण्याहून मोठी टोपी आली तेव्हा पुढे सरकला.

मी चिदानंद हिरेमठ. या वाहिनीचं संध्याकाळी सातचं बातमीपत्र मी तेव्हा एकतीस वर्षं लिहीत होतो. वाचायची निवेदिका, लिहायचो मी. बातम्या संपल्या की खालच्या पट्टीत माझं नाव सरकत जायचं, इतक्या वेगाने की ते फक्त माझ्या बायकोला दिसायचं.

यंत्र बातम्यांसाठी घेतलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. ते दंतमंजनासाठी होतं. जाहिरात ऐकून लोकांच्या डोक्यात आपल्या मंजनाचा डबा येतो की शेजारच्या कंपनीचा, हे आमच्या जाहिरातदार मंजनवाल्यांना बघायचं होतं.

यंत्राचं नाव ‘मनपट’. ते बसवायला पुण्याच्या कंपनीने पाठवलेली इंजिनिअर म्हणजे किमया भोसले. वय सव्वीस, बोलणं कमी, हातात सतत एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. मूळची सोलापूरचीच, वडील इथेच असतात, एवढं तिने पहिल्या दिवशी सांगितलं. फोनवर ती वडिलांशी बोलायची ती भाषा मला गुजरातीसारखी वाटली.

“तुम्ही गुजराती का ओ?” मी विचारलं.

“तसंच काहीसं,” ती म्हणाली आणि स्क्रू फिरवायला लागली.

यंत्र कसं चालतं हे तिने मला चहा पिता पिता समजावलं. मला कळलं, म्हणजे कोणालाही कळेल. आपल्या डोक्याच्या मागच्या भागात मेंदूचं बघायचं खातं आहे. डोळ्यांनी काही पाहिलं की तिथे रक्त धावतं. गंमत अशी की नुसतं ऐकलं तरी थोडं धावतं. ‘लिंबू’ म्हटलं की लिंबू समोर नसताना ते खातं कामाला लागतं. टोपीतून डोळ्यांना न दिसणारा लाल उजेड कवटीतून आत जातो आणि रक्त कुठे धावलं ते टिपून परत येतो. मग संगणक म्हणतो, असं धावणं मी आधी लाखो वेळा पाहिलंय, हे लिंबू. चाळीस जणांना टोप्या घातल्या की चाळिसांचं मिळून एक चित्र पडद्यावर उमटतं.

“आणि सर, मेंदू वाक्य संपायची वाट बघत नाही,” किमया म्हणाली. “दोन शब्द ऐकले की पुढचं तोच भरतो. जे त्याने सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय, ते.”

“म्हणजे आमच्या उपसंपादकासारखं.”

“तुमचा उपसंपादक निदान चहाला तरी उठतो.”

पोरगी मला आवडायला लागली होती.

पुढच्या आठवड्यात चाळीस श्रोते आले. चहा आणि चिवड्याच्या बोलीवर सोलापुरात चारशेही आले असते. निवृत्त मुख्याध्यापिका, दोन रिक्षावाले, चादरींच्या कारखान्यातले तिघे, एक डॉक्टरीणबाई, असा सगळा संसार. टोप्या घालून ते ओळीने बसले तेव्हा मला सामुदायिक मुंडनाची आठवण झाली.

मंजनाआधी यंत्र जुळवायचं होतं. मी माईकवर साधे शब्द म्हणायचे, किमया पडदा बघायची. मी म्हटलं “भाकरी”, भाकरी आली. “एसटी” म्हटलं, एसटी आली, मागे धुरासकट; गाड्या विजेवर जाऊन बारा वर्षं झाली होती, धूर अजून डोक्यातून गेला नव्हता. मग मी म्हटलं “डॉक्टर”. गोरा पुरुष, सोनेरी चष्मा.

“अगंबाई,” ओळीतल्या डॉक्टर नसीम शेख म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांच्या हातून निम्मं शहर जन्माला आलं होतं. “माझ्यापण डोक्यात हाच आला की! कोण आहे हा मेला?”

सगळे हसले. मी म्हटलं “आफ्रिकन विद्यार्थी”. काळा तरुण आला आणि त्याच्या शेजारी पोलिसांची निळी गाडी. गाडी कोणी मागितली नव्हती. आमच्या इथल्या कॉलेजात टांझानियाचा एक मुलगा कापड विणायचं शास्त्र शिकत होता. शेंगापोळी खायचा, सायकलवर फिरायचा. पण आमच्या बातमीपत्रात आफ्रिकन माणूस पकडला गेल्याशिवाय कधी आलाच नव्हता. सायकलवरचा मुलगा ही बातमी होत नाही. आता कोणी हसलं नाही. चिवडा मात्र चालू होता.

इथे खिशात माझा फोन थरथरला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सचिव बिराजदारअण्णांचा निरोप होता. आमच्या ग्रुपवर निरोप वाचायची पद्धत नाही, अंगठा द्यायची आहे. मी अंगठा दिला.

“सर, आता एखादी खरी बातमी लावू या,” किमया म्हणाली. “जुनी. निवेदिकेच्या आवाजाशीही यंत्र जुळेल.” आणि तिने संग्रहातली एक लावली. निवड तिची होती की यंत्राची, हे मी तिला तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही.

निवेदिकेचा गोड आवाज आला. कुठल्याशा गावात बंद घर फुटलं होतं, कपाट उघडं सापडलं होतं. आणि शेवटी: “यामागे सराईत पारधी टोळीचा हात असल्याचा संशय व्यक्त होत आहे.”

पडद्यावर चित्र आलं. इतकं स्पष्ट चित्र दिवसभरात आलं नव्हतं, भाकरीसुद्धा नाही. काळाकभिन्न उघडा माणूस. अंगाला तेल. हातात काठी. मागे चंद्र. चाळीस डोक्यांत एकच माणूस, एकच काठी आणि एकच चंद्र.

“तुमच्यापैकी पारधी माणूस कोणी प्रत्यक्ष पाहिलाय?” किमयाने विचारलं.

कोणी हात वर केला नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “नाही बाई. पण असाच असतो.”

“हे वाक्य कोणी लिहिलं?”

मी हात वर केला. जरा अभिमानानेच केला, खोटं कशाला सांगू. चाळीस डोक्यांत एक चित्र तंतोतंत उभं करणं हे कोणत्याही लेखकाचं स्वप्न असतं.

“बसा सर. तुमच्या डोक्यात काय आहे ते बघू.”

बाकीच्या टोप्या बंद करून तिने मला एक घातली. तेच वाक्य पुन्हा लावलं. पडदा कोरा. किमयाने वायर हलवली, पुन्हा लावलं. मग कोपऱ्यात काहीतरी गोल उमटलं. स्टुडिओतलं घड्याळ. त्याचा लाल सेकंदकाटा आठव्या सेकंदावरून बाराव्यावर जात होता.

“एवढंच?” मंगरुळे मॅडम म्हणाल्या.

एवढंच. कसं ते सांगतो. आमच्याकडे प्रत्येक बातमी बारा सेकंदांची. मागचं दृश्य बारा सेकंदांचं कापलेलं असतं, मजकूर आठच सेकंद भरला तर निवेदिका उरलेले चार सेकंद नुसती बघत राहते आणि लोक चॅनेल बदलतात. म्हणून लाकडाच्या फटीत सुतार मारतो तशी आम्ही मजकुरात पाचर मारतो. मी काही वाक्यं कीबोर्डच्या बटणांवरच बसवून ठेवली होती. एफ-चार दाबलं की “परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.” एफ-पाच, “वाहतूक काही काळ विस्कळीत झाली.” चोरीच्या बातमीला एफ-सात. २०१७ साली एका खऱ्या पोलीस पत्रकात ते वाक्य आलं होतं. बरोबर चार सेकंद भरतं म्हणून मी ते ठेवून घेतलं. पुढे पोलीस काही म्हणोत न म्हणोत, सेकंद कमी पडले की मी एफ-सात दाबायचो. माझ्या मनात कोणाविषयी काही नव्हतं. पडद्यावर साऱ्यांनी पाहिलंच, माझ्या मनात काहीच नव्हतं.

चाळीस जण हसले. मीही हसलो. किमया हसली नाही. तिने माझ्या डोक्यावरची टोपी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवली.

“टोपीच बिघडली असेल. तपासून घेते. मॅडम, तुम्ही म्हणा ते वाक्य.”

मंगरुळे मॅडमनी म्हटलं. पडद्यावर पुन्हा तोच माणूस आला. तेल, काठी, चंद्र. टोपी उत्तम चालत होती. फक्त या वेळी त्याला चेहरा होता. पांढऱ्या मिशा, डाव्या भुवईवर व्रण, आणि गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी.

मी तो चेहरा ओळखला. तीन वर्षं रोज संध्याकाळी तो माझ्यासाठी गेट उघडत होता. आमच्या सोसायटीचे वॉचमन, भोसलेमामा.

किमयाने टोपी ओढून काढली. दोन केस तुटल्याचा आवाज मला ऐकू आला.

जिन्यावर ती बसली होती. मी दोन कप चहा घेऊन गेलो. ज्या प्रसंगी काय बोलावं कळत नाही, त्या प्रसंगी सोलापूरचा माणूस चहा नेतो.

“ते तुझे वडील?”

“तुम्ही ओळखता?”

“आमच्या गेटवर असतात.”

तिने कप हातात घेतला. “म्हणजे ती तुमची सोसायटी. ही सातवी. आधीच्या सहा गेल्या. जवळपास कुठे चोरी झाली की तुमची बातमी यायची. मग कमिटी कागद मागायची. आडनावावरून काही कळत नाही, आमची पारधी बोली लोकांना गुजराती वाटते. भोसले काय, कोणीही असतं. पण आधारवर गावाच्या पुढे वस्तीचं नाव आहे. मग बाबा पेटी उचलायचे.”

“किमया, मी मुद्दाम…”

“माहीत आहे. मुद्दाम केलं असतं तर तुमच्या डोक्यात काहीतरी दिसलं असतं.” तिने चहाचा घोट घेतला. “मला तुमचा राग नाही आला सर. माझा आला. मी त्या माणसाच्या खांद्यावर बसून शाळेत गेलेय. आमच्याकडे कोणी तेल लावून फिरत नाही, भाजीत घालायला पुरलं तरी खूप. तरी तो तेलकट माणूस माझ्या डोक्यात आहेच. इंजिनिअरिंगला असताना बाबा संध्याकाळी हॉस्टेलच्या गेटवर डबा घेऊन आले होते. अंधारात उभे होते. मी दचकले. अर्धा सेकंद. त्यांना कळलं. त्यानंतर ते कधी आले नाहीत. तो माणूस माझ्या डोक्यात मी तर नाही ना घातला?”

माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते एका बटणाखाली होतं.

हा इतिहास तसा सगळ्यांना माहीत असतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. आमच्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. १९५२ साली तो शिक्का सरकारने पुसला. मी यावर एकदा लेखही लिहिला होता, बक्षीसही मिळालं होतं. बक्षिसाच्या संध्याकाळीसुद्धा एफ-सात दाबलं असेल. सातच्या बातम्या कोणासाठी थांबत नाहीत.

“बाबांना यातलं काही सांगू नका,” किमया म्हणाली. “त्या पडद्याचं तर नाहीच.”

“नाही सांगत.”

फोन पुन्हा थरथरला. या वेळी मी निरोप वाचला. बिराजदारअण्णा लिहीत होते: ‘शेजारच्या गल्लीत बंगला फुटला. आज साडेसातला तातडीची सभा. विषय: वॉचमनचे मूळ गाव तपासणे. सातच्या बातम्या बघून यावे.’ खाली एकोणीस अंगठे. त्यातला एक माझा, दुपारी सव्वाचारचा.

साडेपाचला ती बातमी माझ्या टेबलावर आली. विजापूर रोड, बंद बंगला, मागचं दार, दागिने लंपास. पोलिसांनी कोणावर संशय घेतला नव्हता. मी मजकूर लिहिला. आठ सेकंद.

“चार कमी पडतायत हिरेमठ,” मंगरुळे मॅडम मागून म्हणाल्या. “मारा पाचर.”

“मॅडम, दुपारी बघितलंत ना?”

“बघितलं. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण सात वाजता मला बारा सेकंद लागतात. वाईट वाटण्याने ते भरत नाहीत. दुसरं काहीतरी सुचवा.”

एकतीस वर्षं लिहिणाऱ्या माणसाला चार सेकंदांचं दुसरं वाक्य सुचेना. ‘परप्रांतीय टोळी’ आलं, खोडलं. ‘झोपडपट्टीतील तरुण’ आलं, खोडलं. कोणाला ना कोणाला त्या फटीत ठोकल्याशिवाय वाक्य पुरंच होईना. बोटं सारखी एफ-सातकडे जात होती, जिभेने दुखऱ्या दाताकडे जावं तशी. शेवटी किमया आली. तिने हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरने ते बटणच उचकटून काढलं आणि माझ्या चहाच्या बशीत ठेवलं.

सातला पाच मिनिटं असताना मी जे खरं होतं ते लिहिलं.

मॅडमनी वाचलं. “असं कोणी सांगतं का? लोकांना वाटेल आपल्याला काही माहीत नाही.”

“नाहीच आहे.”

“ते आपल्याला ठाऊक. त्यांना कशाला?” पण घड्याळाकडे बघून त्यांनी सही केली. माझ्या आयुष्यातली बहुतेक पुण्यकर्मं वेळ कमी असल्यामुळे झाली आहेत.

निवेदिकेने वाचलं: “बंगल्याचं मागचं दार फोडून दागिने लंपास करण्यात आले. चोर कोण, हे अद्याप कोणालाही माहीत नाही.”

मंजनासाठी थांबवलेले चाळीस जण टोप्या घालून बसलेच होते. पडदा पांढरा झाला. मग चित्रं यायला लागली, पण एकत्र जुळेनात. कोणाला बंगल्याचा सुतार दिसला. कोणाला मालकाचा कर्जबाजारी भाचा. मुख्याध्यापिकांना, का कोण जाणे, स्वतःचे यजमान दिसले. चाळीस चोरांची मिसळ झाली आणि पडद्यावर नुसता करडा धूर उरला. “यंत्र बंद पडलं काय?” जाहिरात खात्याच्या माणसाने विचारलं. “नाही,” किमया म्हणाली. “आत्ताच चालू झालंय.”

मग वाहिनीत फोन सुरू झाले. अर्ध्या तासात साठ. एका गृहस्थांचा मी स्वतः घेतला.

“अहो, कोण ते सांगा की!”

“माहीत नाही साहेब.”

“मग आम्ही घाबरायचं कोणाला?” बिचारे खरोखर काकुळतीला आले होते. मला त्यांची दया आली. इतकी वर्षं मी त्यांना रोज सात वाजता गरमागरम भीती पुरवली होती. एकाएकी बंद केली तर माणूस कासावीस होणारच. मी त्यांना कडी लावून घ्यायला सांगितलं. त्यांना ते फारच साधं वाटलं.

बदल झाला तो एवढाच. मंजनवाल्यांनी पुढच्या महिन्यात यंत्र परत पाठवलं, जिन्यावरूनच. किमया त्याच्याबरोबर पुण्याला गेली. बटणाच्या जागी खड्डा राहिला आणि मी निवृत्त होईपर्यंत माझी बोटं त्यात अडखळत राहिली. पण ती संध्याकाळ अजून संपलेली नाही.

आठ वाजता मी सोसायटीत शिरलो. गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून कमिटी बसली होती. भोसलेमामांनी गेट उघडलं. त्यांच्या खोलीबाहेर त्यांची पेटी काढून ठेवलेली होती, वर घडी केलेली चादर. सभेचा विषय त्यांना कोणी सांगितला नव्हता. सहा सोसायट्यांच्या अनुभवाने तो आपोआप कळला असावा.

“काय ओ हिरेमठ!” बिराजदारअण्णांनी मला पकडलं. “काय झालंय की तुमच्या चॅनेलला? कोण ते सांगितलंच नाही! आता आम्ही सभा कशावर घ्यायची?”

“घेतली का?”

“घेतली. गच्चीवरच्या टाकीवर घेतली. टाकीला झाकण नाही, माकडं पाणी पितात. झाकणावर बहुमत झालं.” त्यांनी आवाज खाली केला. “वॉचमनचं पुढच्या वेळी बघू. तुम्ही नीट बातमी द्या, मग बघू.”

“माझा त्या विषयावरचा अंगठा काढून घेतो, अण्णा.”

“आता काय उपयोग? तो वर गेला.”

खुर्च्या उचलून लोक गेले. मी गाडी लावली आणि गेटवर परत आलो. रस्ताभर मी माफीचं भाषण तयार केलं होतं. एकतीस वर्षांत लिहिलेलं सगळ्यात चांगलं, आणि बारा सेकंदांहून मोठं. त्यात शब्दांची जबाबदारी होती, पावणेदोनशे वर्षांचा अन्याय होता, शेवटी आवंढा होता. किमयाला दिलेला शब्द पाळून पडद्याचं तेवढं वगळलं होतं.

मी सगळं म्हटलं. आवंढासुद्धा गिळला. मामा ऐकत होते. मग त्यांनी वाकून पेटी उचलली, आत नेऊन ठेवली आणि बाहेर आले.

“मला ठाऊक हाय की साहेब,” ते म्हणाले. “तुमचं नाव येतंय न्हवं खालच्या पट्टीत. लेकीनं वाचाया शिकवलंय मला. तीन वर्सं वाचतोय.”

“तीन वर्षं? आणि तुम्ही रोज मला गेट उघडत होता?”

“माझं कामच हाय ते.”

“मामा, बोला. काय वाटेल ते बोला. मी ऐकून घ्यायलाच आलोय.”

ते जरा घुटमळले. गळ्यातली शिट्टी त्यांनी दोन बोटांत फिरवली.

“बोलू? राग न्हाई ना येणार?”

“मुळीच नाही.”

“मग गाडी आत घेताना तेवढा दिवा खाली करत जावा. लई डोळ्यावर येतोय.”